घरचा पोरगा घरी

१४ मार्च, शुक्रवार

व्हर्लीनने आज कॉर्लिसला सोडला! भर सभागृहात, माशाची ताटं समोर असताना, आवाजही न चढवता दुसऱ्याच पोराचं नाव घेतलं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी सेंट हेडविग चर्चच्या तळघरातल्या सभागृहात आमची फुटबॉलची लुटुपुटूची निवड असते. तळलेला मासा, कोबी, पियेरोगी, आणि प्रत्येकाने एकेका संघाचा मालक व्हायचं. चिठ्ठ्या टाकतो. आपल्या गावच्या हॅमर्सची चिठ्ठी व्हर्लीनला निघाली तेव्हा लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. नाव ठरलेलंच होतं ना! गेल्या मोसमात आपण इतके हरलो की एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, कॉलेजातली पोरं संघांनी वाटून घ्यायच्या खऱ्या निवडीत, तिसरा नंबर आपला. जो जास्त हरला त्याने आधी निवडायचं, लीगमधला एवढाच काय तो न्याय. आणि यंदा निवडायला कोण आहे? कॉर्लिस बीझली. आपल्या मिल स्ट्रीटचा. कॉलेजात देश गाजवून आलेला क्वार्टरबॅक. पोर्ट हॅलोरनने पन्नास वर्षांत लोखंड, काच, जहाजं सगळं बनवलं, पण चेंडू असा फेकणारा पोरगा एकच.

व्हर्लीन त्याला सहा वर्षांचा असल्यापासून ओळखते. ती शाळेत उपमुख्याध्यापिका होती. त्याने प्रयोगशाळेची काच फोडली तेव्हा तिने त्याला आठवडाभर मैदानबंदी केली आणि त्याच संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "बर्नी, काच गेली खड्ड्यात. कुठून फेकला ते बघायला हवं होतंस तू!"

ती बाई आज म्हणाली, "तिसऱ्या नंबरवर हॅमर्स घेतात आयोवाचा तो धिप्पाड पोरगा. फळीतला."

झिगी खाटकाच्या हातातला काटा ताटात पडला. "व्हर्लीनताई, ताप-बिप आहे का?"

"फळी आधी," ती म्हणाली. "भिंती नाहीत आणि निघाले झुंबर टांगायला."

माझं वाक्य! शब्दन् शब्द माझं! वीस वर्षं मी त्या सभागृहात तेच ओरडतेय, की आधी पुढची फळी उभी करा, चेंडू फेकणाऱ्याला राखणारे पाच रेडे आणा, मग फेकणारा आणा. आणि वीस वर्षं व्हर्लीन मला उडवून लावतेय, "रेडे बघायला तिकीट काढत नाही कोणी." आज ती माझ्या खुर्चीत बसली आणि मला तिच्या खुर्चीत ढकललं.

मी म्हणाले, तत्त्व तत्त्वाच्या जागी, पण हा आपला पोरगा आहे. ती म्हणाली, "म्हणूनच." आणि लिंबू पिळत बसली.

म्हणूनच? म्हणजे काय?

१५ मार्च

'म्हणूनच' डोक्यातून जात नाही.

नाताळात कॉर्लिस भेटला होता. हात असा दाबला की अंगठी बोटात रुतली. तीस वर्षं मी मिलमध्ये क्रेन चालवली, लोखंडी माणसांशी हात मिळवलेत, पण असा पंजा नाही पाहिला. त्याला नको म्हणायचं?

२१ मार्च, शुक्रवार

आज वादाला तोंड मीच फोडलं. उगाच ताटाशी चाळे करत बसायचं माझ्या स्वभावात नाही.

उभी राहिले. म्हणाले, मिल बंद झाली तेव्हा आपल्याला सांगितलं, थांबा, नवं काही येईल. गोदी बंद झाली, म्हणाले थांबा. हॅमर्स बारा वर्षं म्हणताहेत थांबा, पुढच्या वर्षीच्या निवडी साठवतोय. हे शहर काय स्टेशनवरचं बाकडं आहे? आपल्या मातीतून एक पोरगा आकाशाएवढा झाला, त्याच्यावर आपला पहिला हक्क! घरचा पोरगा घरी!

टेबलं वाजली. मागच्या बाजूच्या म्हाताऱ्यांनी लगेच त्याची घोषणाच करून टाकली. घरचा पोरगा घरी! मासा तळणाऱ्या बायका झारे घेऊन बाहेर आल्या.

व्हर्लीन थांबली. आवाज विरल्यावर म्हणाली, "रेडिक आठवतो?"

आठवतो की. टॉम रेडिक. सहा वर्षांपूर्वीचा आपला क्वार्टरबॅक. फळीला भगदाड पडलेलं, दर रविवारी तीन-तीन जण त्याच्या अंगावर.

"परवा बाजारात भेटला," ती म्हणाली. "बायको त्याच्या कोटाची बटणं लावत होती. सदतीस वर्षांचा आहे. आपण सगळे त्याच्या नावाने ओरडलो होतो, बर्नी. तू तर उभं राहून."

झिगी म्हणाला, "ताई, पण कॉर्लिस चपळ आहे, सापडायचा नाही."

"रेडिकही चपळच होता. सापडेपर्यंत."

तिच्याकडे उत्तर तयार होतं. तेच मला खटकलं. व्हर्लीन वाद घालते तेव्हा हसते, टेबलाखालून लाथ मारते, पोलिश शिव्या देते. माझ्याच आईकडून शिकलेल्या! आज एकही शिवी नाही. कोणीतरी पाठ करून घेतल्यासारखं.

२३ मार्च, रविवार

पाणी मुरतंय. आता सांगते कुठे.

दुपारी वाचनालयातून निघाले. रोमच्या शेवटच्या दिवसांवरचं जाड पुस्तक परत करायचं होतं. (तिथेही हेच! बाहेरचे शत्रू कमी, आतले फितूर जास्त.) समोरच्या चौकात काळी गाडी थांबली. दारावर हॅमर्सचा हातोडा. आणि गाडीतून उतरली व्हर्लीन! चांगला कोट, चर्चची टोपी. आतल्या माणसाने वाकून काहीतरी म्हटलं. तिने मान हलवली. तो माणूस मी ओळखते. संघाच्या कचेरीतला, गेल्या वर्षी तिकिटांचे भाव वाढले तेव्हा आम्हाला समजवायला आला होता तोच. गोड बोलणारा, सोबत फुकटच्या टोप्या वाटणारा.

मी हाक मारली. तिने ऐकलं. नक्की ऐकलं. आणि बस पकडली.

२६ मार्च

कॉर्लिसच्या कॉलेजात आज सगळ्या संघांचे परीक्षक जमले होते. सगळ्यांनी धावून, फेकून दाखवलं. कॉर्लिसने फेकलं नाही. एजंट म्हणाला, फेब्रुवारीत सगळ्या देशासमोर फेकून झालंय, डॉक्टरांनी हाड न् हाड तपासून झालंय, परत परत माल कशाला दाखवायचा?

हुशार माणूस. मी पण हेच सांगितलं असतं. संपाच्या वाटाघाटीत पहिल्याच बैठकीत सगळी पानं उघडायची नसतात.

२८ मार्च, शुक्रवार

व्हर्लीन सभागृहात आली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. निरोप पाठवला, सर्दी आहे.

मी डब्यात मासा घालून तिच्या घरी गेले. दार उघडायला वेळ लावला. सर्दी काही दिसली नाही. पण दुसरं दिसलं. घराच्या पायऱ्यांना नवा कठडा! दोन्ही बाजूंना, ओकचा, घोटून गुळगुळीत केलेला. आणि पायऱ्यांवर मिठाचा थर इतका जाड की जणू लोणचं घालायचंय. बर्फ तर वितळून गेला.

म्हटलं, "कठडा झकास झालाय."

"हं."

"कोणी केला?"

"सुताराने." आणि डबा घेऊन दार लोटलं. आत ये म्हणाली नाही.

ही तीच बाई, जी तीन हिवाळे तुटक्या जिन्यावरून उतरताना म्हणायची, पेन्शनीत एक तर दात नाहीतर कठडा. दात तेच आहेत. मग अचानक ओकचा कठडा आला कुठून?

२९ मार्च

हातोडेवाली गाडी. कठडा. फळी आधी. दोन आणि दोन किती होतात?

२ एप्रिल

झिगीच्या दुकानात सॉसेज घ्यायला गेले. त्याला सगळं सांगितलं. तो सुरी पुसत म्हणाला, "बर्नीताई, एप्रिल लागलाय. एप्रिलमध्ये मी माझ्या बायकोवरसुद्धा विश्वास ठेवत नाही. ड्राफ्ट होईपर्यंत जो बोलेल तो पुडीच सोडणार."

खरंच आहे. या महिन्यात संघ पुड्या सोडतात, एजंट पुड्या सोडतात, बातमीदार त्या गोळा करून विकतात. अमका पोरगा रागीट आहे, तमक्याचा गुडघा गेलाय, फलाणा आईशी बोलत नाही. सगळं पुढच्याला हूल द्यायला. आम्ही लहानपणापासून शिकलोय, एप्रिलमध्ये जे ऐकशील त्याच्या उलट समज.

"पण व्हर्लीन?" मी म्हणाले. "आपली व्हर्लीन?"

"आपलीच माणसं स्वस्त पडतात," झिगी म्हणाला. खाटिक आहे पण बोलतो वकिलासारखं.

४ एप्रिल, शुक्रवार

आज बोलली. जसं घडलं तसं लिहून ठेवते.

मासे संपले, लोक गेले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. मी मुद्दामच थांबले होते, तीही. नळ मोठा सोडला तिने. मग म्हणाली, "बर्नी, तू फळीच्या बाजूने बोल. पूर्वीसारखी. तुझं लोक ऐकतात. रेडिओवाले तुला बोलावतात, मालकाला तुझी भीती वाटते. तू म्हणालीस फळी, तर त्यांना बरंच होईल, ते आयोवाचा पोरगा घेतील."

"आणि कॉर्लिस?"

"कॉर्लिस मागे जाईल. आठवा, दहावा, कुठेतरी. एखाद्या शहाण्या संघाकडे, जिथे जुना क्वार्टरबॅक आहे. वर्षभर बाकावर बसवतील. बसू दे त्याला."

"का बसू दे?"

तिने नळ बंद केला. "खांदा. उजवा. मार्चच्या सुरुवातीला बर्फ पडला ना, तेव्हा माझ्या पायऱ्या साफ करायला आला होता. मी नको म्हणत होते. सगळ्यात वरच्या पायरीवरून घसरून पडला. डॉक्टरांची तपासणी त्याच्या आधी झाली, त्यामुळे कोणाच्या कागदावर नाही. आईला माहीत आहे, एजंटला माहीत आहे. दोघांनी मला शपथ घातलीय. खरं काय ते सांगितलं तर पोरगा कुठेच जायचा नाही. नाही सांगितलं तर हॅमर्स त्याला सप्टेंबरमध्ये त्या फाटक्या फळीमागे उभा करतील. मी संघाच्या माणसाकडेही गेले. खांद्याचं बोलले नाही, इतकंच म्हणाले, घेऊ नका. तो म्हणाला, मॅडम, चाहत्यांना हवाय."

तिने माझ्याकडे नाही बघितलं. परात पुसत होती. कोरडी झालेली परातच पुन्हा पुसत होती.

"फक्त तुला सांगितलंय," ती म्हणाली.

५ एप्रिल

सकाळपासून विचार करतेय. भावनेच्या भरात लोक फसतात. मी संघटनेत तीस वर्षं काढली, मालकाची माणसं रडून दाखवतात हे डोळ्यांनी पाहिलंय. एकाने तर संप मोडायला स्वतःची जिवंत आई मेली म्हणून सांगितलं होतं!

नीट मांडून बघू. मालक कंजूष. पहिल्या तीनातला क्वार्टरबॅक म्हणजे मोठा करार. त्याला तो नंबर दुसऱ्या संघाला देऊन स्वस्त पोरं आणि पुढच्या वर्षाचे वायदे घ्यायचेत. बारा वर्षं तेच केलंय. पण यंदा अडचण एकच. पोरगा गावचा! त्याला सोडलं तर गाव पेटेल. मग काय करायचं? गावालाच थंड करायचं. गावातलं कोणीतरी मानाचं माणूस धरायचं. जिच्या शब्दाला किंमत आहे अशी. तिच्याकडून आधी 'फळी आधी' म्हणवायचं. ते चाललं नाही की खांद्याची पुडी. आणि ती पुडी नेमकी माझ्याच कानात सोडायची, कारण बर्नी बोलली की लोक ऐकतात! तिनेच तोंडाने सांगितलं हे!

संघाच्या माणसाला भेटल्याचंही स्वतःहून सांगून टाकलं. का? मी गाडी पाहिली हे तिला माहीत होतं म्हणून. ताकाला जाऊन भांडं कसं लपवणार, मग दाखवलंच.

आणि पायरी! कठड्याला सुद्धा कहाणी जोडून दिली. सुंदर. खोटं असंच असतं, खऱ्या खिळ्यावर टांगलेलं.

तरी पण परात दोनदा पुसली.

९ एप्रिल

रेडिओवर हॅमर्सचा मॅनेजर: "आमच्यासमोर सर्व पर्याय खुले आहेत. फळी हीसुद्धा आमची गरज आहे." फळी हीसुद्धा! शब्द तोच! आता आणखी पुरावा काय हवा?

१२ एप्रिल

झिगीच्या दुकानात ईस्टरची गर्दी. रांगेत कॉर्लिसची आई रेनिटा, तिच्या मागे तोच. मी रांग मोडून गेले. कॉर्लिस जाकिटाच्या खिशात हात घालून उभा होता, हनुवटीनेच नमस्कार केला. मोठा माणूस झाला पोरगा! चार लोक फोटो मागायला आले तर आई म्हणाली, आता नको, घाई आहे. एजंटने शिकवलं असणार, फुकट काही द्यायचं नाही.

म्हटलं, "पोरा, आपण तुला घरी आणणार बघ."

तो म्हणाला, "बर्नीमावशी, देव करेल ते खरं."

रेनिटाने मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "गावात लोक काही बोलताहेत का? कॉर्लिसबद्दल? वावडी काही?"

बघा! पुडी तिच्यापर्यंतही पोचलीय. बिचारीच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. कोणत्या आईला आवडेल, पोराच्या खांद्याची बदनामी? मी तिचा हात दाबला. म्हणाले, "बोलू दे कोणालाही. मी आहे ना!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आभार मानतेय की काय तेच कळेना.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

सभा नाही. मासा नाही, ब्रेड आणि कॉफी. चर्चमध्ये मागच्या बाकावर व्हर्लीन बसली होती. ती बॅप्टिस्ट, आम्ही कॅथलिक, तरी या दिवशी दर वर्षी माझ्यासाठी येते. माझा नवरा वॉल्ट गेला त्या वर्षापासून. माझ्या बाजूची जागा मोकळी होती. मी रुमाल ठेवला होता. ती पुढे आली नाही. मी वळले नाही.

चुकतेय का मी? लिहिलं, आता तसंच राहू दे.

२० एप्रिल

उद्या डिंगसचा दिवस, आमचा पोलिश पाण्याचा सण. आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत, महापौराच्या नंतर. रेडिओ थेट दाखवणार — ऐकवणार. गुरुवारी ड्राफ्ट. आता नाही तर कधी?

काय बोलायचं ते ठरलंय. पुडी फोडायची. पुडी अंधारात असते तोवर विष, चौकात उघडली की नुसती माती. हे मला संपाने शिकवलंय. आणि व्हर्लीनचं नाव घेणार नाही. इतकी मी पडलेली नाही.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

आवाज बसलाय. पण लिहिणार.

असं डिंगस बऱ्याच वर्षांत झालं नाही. चौक भरलेला. पोरं पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन बायकांच्या मागे, बायका विलोच्या कळ्यांच्या काठ्या घेऊन पोरांच्या मागे. पोल्काचे तीन बँड, तिघांची गाणी एकमेकांत घुसलेली. झिगीच्या सॉसेजपुढे रांग. महापौर रस्त्यांवर बोलला, कोणी ऐकलं नाही.

मग मी चढले.

म्हणाले, तुम्हाला सांगतील भिंती आधी, झुंबर नंतर. मीच सांगत होते ते! पण चोर तुमचेच कपडे घालून आला तर त्याला मिठी मारायची का? म्हणाले, हे लोक आपल्यातल्या आपल्याला विकत घेताहेत. म्हणाले, उद्या तुमच्या कानात कोणी कुजबुजेल की कॉर्लिसचा खांदा गेलाय! पायरीवरून पडला म्हणे! ऐकलंत? पायरीवरून! ज्या पोराला चार वर्षांत पाच-पाच राक्षस पाडू शकले नाहीत, त्याला एका म्हातारीच्या पायरीने पाडलं!

हसले. सगळा चौक हसला! तो हशा मी आयुष्यभर विसरणार नाही. मग घोषणा. घरचा पोरगा घरी! ट्युबावाल्याने त्यावर ताल धरला. महापौरसुद्धा ओरडायला लागला, त्याला कशावर ओरडतोय हेही माहीत नसेल.

उतरताना समोर व्हर्लीन. केस ओले. कोणीतरी पिचकारी मारलेली. हातात काठी होती, कळ्या गळून गेलेल्या. मला वाटलं शिवी देईल. द्यायला हवी होती.

म्हणाली, "तुला सांगितलं होतं, बर्नी. तुला."

आणि गर्दीत गेली. कोणी तिला वाटसुद्धा दिली नाही, नाचत होते सगळे.

म्हातारी म्हणायला नको होतं. ते आयत्या वेळी आलं तोंडात.

२२ एप्रिल

माझं भाषण देशभर वाजलं! एजंटला विचारलं खांद्याचं. तो हसला म्हणे: "पोर्ट हॅलोरनच्या एका बाईंनी सगळं समजावून सांगितलंय, मला वेगळं काय सांगायचं!" बातमीदारही हसले. पुडी फुटली.

झिगी दुकानातून ओरडला, "ताई, तुमच्या नावाचं सॉसेज काढतोय! लसूण जास्त!"

२३ एप्रिल

व्हर्लीनला फोन केला. वाजत राहिला.

मी जर बरोबर असेन तर तिने उचलायला हवा होता. भांडायला तरी. पकडलेला माणूस भांडतो. आयुष्यात मी फितूर पुष्कळ पाहिले, पकडल्यावर सगळे आधी ओरडतात, मग समजावतात, मग उलट आपल्यालाच नावं ठेवतात. तिने यातलं काहीच केलं नाही.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी असले विचार येतात. पुस्तक उघडलं, एक पान वाचून मिटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

आला! आला! घरी आला!

पहिल्या संघाने बचावातला पोरगा घेतला. दुसऱ्याला क्वार्टरबॅक हवाच होता, सगळे म्हणत होते कॉर्लिसच जाणार, आणि त्यांनी दुसराच घेतला! सभागृहात छत उडायचं बाकी होतं. मग आपला तिसरा नंबर. टीव्हीवर मालक स्वतः उठला, मॅनेजरच्या कानात काही बोलला, मॅनेजरने मान हलवली, मालकाने परत सांगितलं. आणि नाव पुकारलं. कॉर्लिस बीझली, पोर्ट हॅलोरन!

झिगीने मला उचललं. माझं वय बघता गुन्हाच तो. सगळे रडत होते. वॉल्ट हवा होता.

पडद्यावर कॉर्लिस आईला मिठी मारत होता. रेनिटा खूप रडत होती. त्याला टोपी दिली. त्याने हातात धरली, थोडा वेळ बघितली, मग घातली.

व्हर्लीनची खुर्ची रिकामी. कोणीतरी त्यावर कोट ठेवले.

२५ एप्रिल

सकाळी रेडिओ लावला, कौतुक ऐकायला. लपवत नाही.

दुसऱ्या नंबरच्या संघाचा माणूस म्हणाला, "खांद्याची चर्चा कानावर आली. नव्याने तपासायला वेळ नव्हता. आम्ही धोका पत्करला नाही." मग आपला मालक: "मॅनेजरलाही थांबून तपासायचं होतं. पण सोमवारी चौकातला आवाज मी ऐकला. मी म्हटलं, गाव म्हणतंय ते खोटं, तर खोटं. मी लोकांवर विश्वास ठेवला."

लोकांवर. म्हणजे माझ्यावर.

म्हणजे त्याला पोरगा सोडायचाच नव्हता. कंजूष मालक, वायदे, गाव थंड करायचा डाव, सगळं मी मांडलं होतं. मग ती पुडी सोडली कोणी? आणि कोणासाठी?

२७ एप्रिल, रविवार

व्हर्लीनच्या घरावरून गेले. मुद्दाम. आत गेले नाही.

समोरच्या घरचा म्हातारा कुंपण रंगवत होता. म्हटलं, "व्हर्लीनचा कठडा छान झालाय हो."

"व्हायलाच हवा होता," तो म्हणाला. "मीच करून दिला, लाकडाच्या किमतीत. रडत आली होती माझ्याकडे. मार्चमधल्या बर्फाच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाली, परत कोणी पडायला नको."

"कोण पडलं होतं?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. "ते नाही सांगितलं तिने. मी विचारलं नाही."

तोही एप्रिलमध्येच बोलतोय, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. मोठ्याने.

३० एप्रिल

परवा सभागृहात कॉर्लिसचा सत्कार. स्वागताचं भाषण मी करायचं. कागद समोर आहे. एक ओळ सुचत नाही.

२ मे, शुक्रवार

कॉर्लिस आला. भिंतभर कापड, त्यावर माझंच वाक्य. हात मिळवायला रांग जिन्यापर्यंत. माझी पाळी आली.

"बर्नीमावशी," म्हणाला, हसला, आणि हात पुढे केला.

डावा.